रानात फिरण्याचा हक्क आणि आपलं आरोग्य



एप्रिलमध्ये आम्ही भाचीकडे इंग्लंडला जाऊन आलो. परत आल्यावर वस्तीतल्या बायका विहारात भोवती बसल्या. काय काय पाहिलं, सांगा म्हणाल्या. लंडनमधलं १०, किंग हेन्रीज रोड हे घर पाहिलं, असं सांगितल्यावर सगळ्यांचे चेहरे उजळले. १९२१-२२ मध्ये शिकत असताना बाबासाहेब तिथे राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतलं. मग आम्ही म्हणालो, एक रानही पाहिलं. त्यावर एक आजी म्हणाल्या, "रान? त्यासाठी इतक्या लांब जायचं? आम्ही जन्मभर रानातनं मोळ्या वाहिल्या."

सगळ्या हसल्या, आम्हीही हसलो. पण आजींचं बोलणं मनात राहिलं. आपल्या बायकांना रान म्हटलं की डोक्यावरची मोळी, काट्यानं फाटलेली टाच आणि कुणीतरी हटकेल ही भीती आठवते. रानात नुसतं फिरायला जायचं, हे आपल्याला कुणी शिकवलंच नाही. आरोग्याच्या पानावर यावेळी त्याबद्दलच बोलायचं आहे.

आमची भाची केंब्रिजच्या बाजूला एका हॉस्पिटलात नर्स आहे. तिला तिथे तीन वर्षं झाली. पगार वेळेवर येतो, घरी पैसे जातात, गावाकडे सगळे तिचं कौतुक करतात. पण आम्हीही नर्सिंगचा डिप्लोमा करून वॉर्डात वर्षं काढली आहेत. माणूस दारातून आत आला की कसा आहे ते कळतं. पोरीची पाठ धरलेली, नाइट ड्यूटीने झोप गेलेली, बोलणं कमी झालेलं. सुट्टीच्या दिवशी पडदे ओढून मोबाईल घेऊन पडून राहायची. विचारलं, इथे जवळपास फिरायला काही आहे का? म्हणाली, "एक जंगल आहे मावशी, अर्ध्या तासावर. पण तिथं गोरी माणसं कुत्री घेऊन फिरतात. आपण काय करणार तिथं?"

हे बोलणं आम्हाला तिच्या पाठदुखीपेक्षा जास्त लागलं. शिकलेली, कमावती, स्वतःच्या हिमतीवर समुद्रापार गेलेली मुलगी, आणि झाडांच्या बाबतीत तिच्या तोंडी तेच जुनं वाक्य : ते आपल्यासाठी नाही.

तिच्या वॉर्डातल्या केरळच्या एका नर्सकडे गाडी होती. तिला सोबत घेतलं आणि गेलो. त्या रानाचं नाव हेली वुड. रस्त्याकडेला पाण्याची उंच टाकी आहे, तिथून शेतांमधल्या वाटेने चालत जायचं. रान मोठं नाही, शंभर एकरांहून थोडं जास्त. चारी बाजूंना शेतं आणि मध्ये झाडांचा हा तुकडा. फाटकापाशी भाची थबकली. "कुणी विचारलं तर काय सांगायचं?" तिकीटखिडकी नव्हती, चौकीदार नव्हता. नाव लिहिलेला एक फलक तेवढा होता. आम्ही फाटक ढकलून आत गेलो. थोड्या वेळाने समोरून एक म्हातारे गृहस्थ आले, 'मॉर्निंग' म्हणाले आणि पुढे गेले. भाचीचे खांदे तेव्हा कुठे खाली आले.

ही सगळी रुंद पानांची, पानगळ होणारी झाडं : ओक, ॲश, मेपल आणि खाली हेझलची झुडपं. एप्रिलच्या शेवटी ओकला नुकती पालवी फुटत होती, ॲश अजून बोडकाच होता. वरून ऊन सरळ जमिनीवर उतरत होतं, म्हणून खाली फुलं होती. ऑक्सलिपची फिकट पिवळी फुलं, त्यासाठीच हे रान ओळखलं जातं. शिवाय निळ्या ब्लूबेलची सुरुवात झाली होती. ही फुलं पानांचं छत मिटायच्या आत फुलून घेतात. जमीन चिकणमातीची, चिखल घोट्यापर्यंत. आम्ही तिघी एकमेकींचा हात धरून चाललो. तासभर कुणी ड्यूटीबद्दल बोललं नाही.

आजींना सांगायची खरी गोष्ट पुढेच आहे. हे रानसुद्धा मोळीचंच रान आहे. ईलीच्या बिशपच्या जमिनींची १२५१ साली नोंद झाली, तिच्यात हे रान आहे. शेकडो वर्षं लोकांनी इथलं हेझल आणि ॲश जमिनीलगत तोडलं. तोडलेल्या बुंध्याला नवे फुटवे येतात, काही वर्षांत त्यांच्या सरळ लांब काठ्या होतात, त्या पुन्हा तोडायच्या. त्याला तिकडे कॉपिसिंग म्हणतात. या काठ्यांचं सरपण व्हायचं, कुंपणं व्हायची. आपल्याकडे कुडाच्या भिंती असतात तशाच तिकडेही काठ्या विणून त्यावर माती लिंपायचे. तोडूनही झाड मरत नाही, उलट त्याचं आयुष्य वाढतं. आजही रानाचा काही भाग पाळीपाळीने तोडतात, म्हणजे ऊन खाली पोचतं आणि फुलं टिकतात. नव्या फुटव्यांना हरणं खाऊ नयेत म्हणून कुंपण घालतात.

ऑलिव्हर रॅकहॅम नावाच्या केंब्रिजच्या अभ्यासकाने या रानावर अनेक वर्षं काम केलं, पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं की, लाकूड तोडणाऱ्या गरिबांनी इंग्लंडची रानं संपवली नाहीत. रानं संपली ती मुळासकट उपटून शेतं केल्यामुळे आणि जुनी झाडं काढून एकाच जातीची लागवड केल्यामुळे. आज इंग्लंडची साधारण दहा टक्के जमीनच झाडांखाली आहे. रान गेलं की पहिला दोष मोळीवाल्या बाईला द्यायची सवय सगळीकडे आहे. म्हणून हे तिच्या बाजूचं बोलणं लक्षात ठेवावं.

आता हक्काचं. इंग्लंडमध्ये कुणीही कुठेही फिरू शकतं, असा आपला समज असतो. तो खरा नाही. बरीचशी जमीन खासगी मालकांची आहे. मँचेस्टर, शेफिल्डच्या गिरण्या-कारखान्यांतले कामगार रविवारी मोकळ्या हवेसाठी डोंगरावर जायचे, तर तो डोंगर श्रीमंतांच्या पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेला. २४ एप्रिल १९३२ रोजी काही शे कामगार बंदी मोडून किंडर स्काउट डोंगरावर चढले. पाच तरुणांना तुरुंगवास झाला. त्यानंतर १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि २००० सालच्या कायद्याने डोंगर, माळरानं, सामायिक जमिनी अशा ठिकाणी चालायचा हक्क मिळाला. तरी हा हक्क इंग्लंडच्या साधारण आठ टक्के जमिनीपुरताच आहे. बहुतेक रानं त्यात येत नाहीत. हेली वुड आपल्याला मोकळं मिळालं, कारण १९६२ मध्ये तिथल्या लोकांच्या निसर्ग संस्थेने ते विकत घेतलं. चवदार तळ्याची गोष्ट लेकरांना सांगणाऱ्या आपल्या घरांना यातला अर्थ वेगळा समजावायला नको.

कायद्याने फाटक उघडतं, पण मनातलं फाटक त्याने उघडत नाही. २०१९ मध्ये तिथल्या सरकारने नेमलेल्या ग्लोव्हर समितीच्या अहवालात स्पष्ट म्हटलं आहे की, ग्रामीण निसर्ग ही गोऱ्यांची जागा आहे असं काळ्या आणि आशियाई लोकांना वाटतं, आणि गोऱ्यांनाही तसंच वाटतं. म्हणजे आमच्या भाचीचा संकोच हा तिचा एकटीचा भित्रेपणा नव्हता. अनेकांना बाहेर ठेवणारी ती भिंत आहे, फक्त ती विटांची नाही.

आरोग्याच्या दृष्टीने यात किती तथ्य आहे? फ्लॉरेन्स नाइटिंगेलने दीडशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं की, रुग्णाला खिडकीतून बाहेर दिसलं पाहिजे, फुलं आणि रंग दिसले पाहिजेत. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातला एक अभ्यास छापून आला. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या २३ रुग्णांना खिडकीतून झाडं दिसत होती, तशाच दुसऱ्या २३ जणांना विटांची भिंत. झाडं दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधं कमी लागली. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या जवळपास २०,००० लोकांची माहिती तपासली गेली. आठवड्यात एकूण दोन तास निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत चांगली असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. हे दोन तास एकदम असोत की थोडे थोडे, फरक पडला नाही. तिथल्या सरकारी आरोग्य सेवेनेही २०२१ पासून सात भागांत मन खचलेल्या लोकांना अशा ठिकाणी गटाने नेण्याचा प्रयोग केला.

पण आम्ही हे वाढवून सांगणार नाही. मुळात धडधाकट माणसंच जास्त बाहेर पडतात, हेही त्या आकड्यांमागे असू शकतं. रानात चालून टीबी जात नाही, साखरेची गोळी बंद होत नाही, उदासीचे उपचार थांबवता येत नाहीत. त्या रात्री भाची सात तास झोपली. ती रानामुळे की दोन दिवसांच्या सुट्टीमुळे, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. जादा ड्यूट्यांनी पिळून काढायचं आणि वर 'झाडाखाली फिरून या' म्हणायचं, असा हा सल्ला कुणी वापरला तर आमचा त्याला विरोध आहे. विश्रांती आधी, माणसासारखी ड्यूटी आधी, आणि त्याच्या जोडीला झाडं.

आज आपल्या कितीतरी घरांतली मुलं-मुली नर्सिंगला, वृद्धांच्या सेवेला, शिकायला तिकडे जातात. व्हिडिओ कॉलवर आपण विचारतो, जेवलीस का, पैसे पुरतात का. यापुढे हेही विचारा, बाहेर झाडांत चाललीस का? तिकडे वूडलँड ट्रस्टसारख्या संस्थेची हजाराहून जास्त रानं विनाशुल्क खुली आहेत. त्यांना चार गोष्टी सांगा. एकटीने जाण्यापेक्षा दोघी-तिघींनी जा. चिखलाचे बूट घाला, पाय झाका. घरी आल्यावर अंगावर गोचीड आहे का बघा. असेल तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा. पुढच्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत तिथे लाल चट्टा पसरत गेला तर डॉक्टरकडे जा. तो लाइम नावाचा आजार असू शकतो आणि तो अँटिबायोटिकने बरा होतो. पाचवी गोष्ट : सावळ्या कातडीला तिकडच्या उन्हातून ड जीवनसत्त्व पुरेसं मिळत नाही. दक्षिण आशियाई लोकांनी वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी घेण्याचा विचार करावा, असा तिथल्या आरोग्य सेवेचाच सल्ला आहे. रानात फिरलं तरी ती लागते.

आम्ही परत आल्यापासून भाची तीनदा हेली वुडला गेली. शेवटच्या वेळी तिने फोटो पाठवला. निळ्या फुलांचा गालिचा, आणि वॉर्डातल्या दोन नव्या मुली फाटकापाशी उभ्या, एक नाशिकची, एक नायजेरियाची. खाली लिहिलं होतं, "मावशी, या पण विचारत होत्या, आत चालतं का."

आम्ही तो फोटो मोळीवाल्या आजींना दाखवला. त्यांनी मोबाईल डोळ्याजवळ धरला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "डोक्यावर ओझं नाही, तरी रानात. चांगलं आहे. जात जा म्हणावं."