अंगणातील सदाफुली आणि रक्ताचा कर्करोग

ज्याच्या अंगणात सदाफुली नाही असे घर आमच्या वाचकांत विरळाच असेल. विहिरीच्या काठी, कुंपणाशी, दगडांच्या फटीतही ती उगवते. गुरे तिला तोंड लावीत नाहीत व पाणी घालण्याची आठवण कोणास होत नाही. तिचे मूळ घर मादागास्कर बेट. मधुमेहावर तिची पाने चघळणारे लोक अनेक देशांत आहेत, आपल्याकडेही आहेत.

याच समजुतीने १९५२ साली जमैकाहून काही पाने कॅनडातील डॉक्टर क्लार्क नोबल यांजकडे आली. त्यांनी ती आपले बंधू रॉबर्ट यांस दिली. रॉबर्ट नोबल यांनी उंदरांवर प्रयोग केले, तो रक्तातील साखर मुळीच उतरेना. उतरल्या त्या पांढऱ्या पेशी. दुसरा कोणी पाने फेकून देता! पण ज्या रोगात पांढऱ्या पेशीच बेसुमार वाढतात त्यावर हे चालेल काय, असा विचार पुढे आला. चार्ल्स बीअर यांच्या साहाय्याने १९५८ पर्यंत व्हिन्ब्लास्टिन हे द्रव्य हाती लागले. लिली या अमेरिकन कंपनीच्या संशोधकांनी त्याच झाडातून व्हिन्क्रिस्टिन काढले. ते १९६३ साली अमेरिकेत मान्य झाले.

ते करते काय? एका पेशीच्या दोन होताना तिच्या आत बारीक सूत्रे तयार होतात, आणि ती गुणसूत्रांची वाटणी करून दोन टोकांस ओढून नेतात. व्हिन्क्रिस्टिन ही सूत्रे होऊच देत नाही. मोजणीची साखळीच नसली म्हणजे भावाभावांतील जमिनीची वाटणी अडते, तशी पेशी अर्ध्यावर अडकते व मरते.

मुलांस होणाऱ्या तीव्र लिंफोब्लास्टिक ल्युकेमियात हे औषध आरंभी आठवड्यातून एकदा, केवळ शिरेतून देतात. तेही एका वेळी बहुधा २ मिलिग्रॅमच्या आतच. सोबत स्टेरॉइड व इतर औषधे असतात. महिन्याभरात बहुतेक मुलांच्या रक्तात रोगट पेशी दिसेनाशा होतात, मूल खेळू लागते, आणि येथेच आईबापांची फसगत होते. लपून राहिलेल्या पेशींसाठी उपचार दोन-तीन वर्षे चालवावा लागतो. गाडीभाडे, बुडालेली मजुरी, इस्पितळाचे अंतर या अडचणी आम्हांस ठाऊक आहेत. तथापि मध्येच सोडलेला उपचार रोगास परत बोलावतो. एके काळी ही मुले काही महिन्यांतच जात. आज जेथे उत्तम सोयी आहेत तेथे १०० पैकी सुमारे ९० बरी होतात.

मग पानांचाच काढा का देऊ नये, असे कोणी विचारील. सुमारे ५०० किलो वाळलेल्या पानांतून जेमतेम १ ग्रॅम व्हिन्क्रिस्टिन निघते. काढ्यात ते किती उतरले हे कोण मोजणार? शिवाय पानांत इतर विषारी द्रव्ये आहेतच.

शुद्ध औषधही निरुपद्रवी नव्हे. मज्जातंतूंतही तशीच सूत्रे असल्यामुळे बोटांना मुंग्या येतात, पाऊल लटके पडते, मलावरोध होतो. मूल चालताना अडखळू लागले तर ते अशक्तपणावर न घालता त्याच दिवशी डॉक्टरांस सांगावे. मात्रा कमी केल्यास ही पीडा बहुधा हळूहळू ओसरते.