‘फक्त कुटुंबासाठी’ म्हणजे कोणासाठी?

नर्मदेचा गुजरातेतील तीर आता केवळ परिक्रमावासींचा आणि श्राद्धकर्त्यांचा राहिलेला नाही. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी केवडिया येथे सरदार वल्लभभाई पटेल यांच्या १८२ मीटर उंचीच्या पुतळ्याचे अनावरण झाले आणि १७ जानेवारी २०२१ रोजी त्या गावाला रेल्वे स्थानक मिळाले. गावाचे नावही आता एकतानगर झाले आहे. बडोद्याहून, म्हणजे आजच्या वडोदऱ्याहून, सुमारे नव्वद किलोमीटरवरील या पट्ट्यात तंबूंची नगरे उठली, हॉटेले झाली, आणि जुन्या धर्मशाळांच्या शेजारी नव्या इमारती उभ्या राहिल्या. या वाढीबरोबर एक पाटीही वाढली. ‘फक्त कुटुंबासाठी’ अशा अर्थाचे तीन-चार शब्द दारावर लावले की निवास सुरक्षित आणि सभ्य झाला, अशी चालकांची समजूत आहे आणि प्रवाशांचीही. ही समजूत तपासून पाहण्याची वेळ आली आहे, असे आम्हांस वाटते.

हा प्रश्न दूरच्या परप्रांताचा आहे असे आमच्या वाचकांनी मानू नये. कोकणचा आणि नर्मदेचा ऋणानुबंध जुना आहे. श्रीवासुदेवानंद सरस्वती, ज्यांना आपण टेंबे स्वामी म्हणतो, ते १८५४ साली सावंतवाडी संस्थानातील माणगाव येथे जन्मले आणि १९१४ साली गरुडेश्वरी नर्मदातीरी समाधिस्थ झाले. नारेश्वरचे रंगावधूत महाराज १८९८ साली गोध्रा येथे जन्मले ते एका मराठी घरातच. काकासाहेब कालेलकर हे साताऱ्यास जन्मलेले. ऐन तारुण्यात ते बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात शिक्षक होते. पुढे त्यांनी भारतातील नद्यांवर असे लेखन केले की गुजराती भाषेने त्यांना आपलेच मानले. कोकण रेल्वेने १९९८ साली कोकण आणि गोमंतक यांची गुजरातेशी थेट गाठ घालून दिली, आणि तेव्हापासून गरुडेश्वर, नारेश्वर, चांदोद ही नावे आपल्या गावोगावच्या दत्तभक्तांच्या यात्रेत सहज येऊ लागली. चैत्र महिन्यात तिलकवाडा-रामपुरा परिसरात होणाऱ्या उत्तरवाहिनी नर्मदा परिक्रमेलाही मराठी माणसे मोठ्या संख्येने जातात. तेव्हा त्या तीरावर निवारा कसा मिळतो आणि कोणास मिळतो, हा प्रश्न आपल्या घरचाच आहे.

पूर्वी या प्रश्नाचे उत्तर धर्मशाळा देत असे. गायकवाडी राज्याने प्रवासाची सोय मनावर घेतली होती. १८६२ साली डभोई ते मियागाम हा हिंदुस्थानातील पहिला नॅरोगेज लोहमार्ग घातला गेला तो याच राज्यात, आणि आरंभी त्यावरचे डबे बैल ओढत असत. पुढे तो फाटा चांदोदपर्यंत गेला आणि संगमावर येणाऱ्या यात्रेकरूंची पायपीट चुकली. नर्मदा, ओरसंग आणि गुप्त सरस्वती यांच्या या संगमावर मल्हारराव घाट आजही त्या राजवटीची आठवण देतो. त्या काळच्या धर्मशाळेत पथारी, पाणी आणि चूल मिळे. मात्र दाराशी ‘कोण? कुठले? कोणत्या जातीचे?’ हे प्रश्नही विचारले जात, हे विसरून चालणार नाही. त्यामुळे धर्मशाळेचा जुना काळ म्हणजे सर्वांसाठी उघडे असलेले दार होते, असे म्हणणे इतिहासाशी प्रतारणा करणारे ठरेल. स्वातंत्र्यानंतर आपण जातीचा प्रश्न दारातून हद्दपार केला. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाने हॉटेले आणि सार्वजनिक उपाहारगृहे यांच्या प्रवेशात तो विचारण्यास बंदी घातली. आता त्याच दारात दुसरा प्रश्न येऊन उभा राहिला आहे : ‘तुमचे एकमेकांशी नाते काय?’

हा प्रश्न वरकरणी निरुपद्रवी वाटतो. पण त्याची झळ कोणाला लागते ते पाहा. नव्या लग्नाचे तरुण जोडपे घ्या. पत्नीच्या ओळखपत्रावर अजून माहेरचे आडनाव आहे आणि विवाहाचा दाखला घरी कपाटात आहे. साठी उलटलेले पती-पत्नी घ्या. गोमंतकात विवाहनोंदणी पोर्तुगीज काळापासून सक्तीची असल्याने येथल्या दांपत्याजवळ कागद तरी असतो. पण सिंधुदुर्गात किंवा रत्नागिरीत ज्यांची लग्ने पन्नास वर्षांपूर्वी लागली, त्यांच्यापैकी कितीकांनी नोंदणी केली होती? सर्वोच्च न्यायालयाने विवाहनोंदणी सर्वांना सक्तीची करण्याचा आदेश राज्यांना दिला तोच मुळी २००६ साली. विधवा बहिणीला घेऊन संगमावर अस्थिविसर्जनास आलेला भाऊ घ्या, एकटी आलेली शिक्षिका घ्या, दोन मैत्रिणी घ्या. ही सारी माणसे कुटुंबवत्सलच आहेत. परंतु पाटीच्या व्याख्येत त्यांतील एकही नीट बसत नाही.

कायद्याची स्थिती तर पाटीच्या अगदी उलट आहे. सज्ञान स्त्री-पुरुषांनी, मग ते विवाहित असोत वा नसोत, हॉटेलात खोली घेणे हा भारतातील कोणत्याही कायद्याने गुन्हा नाही. कोइमतूर येथील एका निवासस्थानास याच कारणास्तव टाळे ठोकले गेले, तेव्हा मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये ते टाळे काढावयास लावले आणि अविवाहित जोडप्याने खोलीत राहणे बेकायदा ठरविणारा कोणताही कायदा नाही, असे स्पष्ट सांगितले. खोली देताना ओळखपत्र पाहणे, नोंदवहीत नाव-गाव लिहिणे आणि परदेशी नागरिक उतरल्यास शासनास कळविणे, हे चालकाचे कर्तव्य आहे. विवाहाचा दाखला मागणे हे त्या कर्तव्यात येत नाही. तथापि खासगी चालकाला आपले नियम ठरविण्याची बरीच मोकळीक राहते, आणि ती तो वापरतो. जानेवारी २०२५ मध्ये ‘ओयो’ या मोठ्या निवास-नोंदणी कंपनीने मेरठपासून आरंभ करून नात्याचा पुरावा मागण्याची आणि अविवाहित जोडप्यांना खोली नाकारण्याची मुभा आपल्या हॉटेलांना दिली. व्यापाराचे वारे कोणत्या दिशेने वाहू लागले आहे, ते यावरून कळते.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती आम्ही नजरेआड करीत नाही. लेकीबाळी घेऊन उतरणाऱ्या गृहस्थाला शेजारच्या खोलीत मद्यपी टोळके नको असते. त्याची ही चिंता खोटी नाही. गुजरातेत दारूबंदी असूनही ती मिटलेली नाही. तसेच गरुडेश्वराचे किंवा नारेश्वराचे भक्तनिवास हे हॉटेल नव्हे. तेथे दर्शनासाठी आणि साधनेसाठी येणाऱ्यांची सोय असते, आणि भोजनाची वेळ, शांतता, सोवळे-ओवळे यांविषयी संस्थानाचे नियम असणे स्वाभाविक आहे. जो तेथे उतरतो त्याने ते पाळावेत. ज्यास ते जाचक वाटतात त्याने हॉटेल गाठावे. आमचा आक्षेप शिस्तीला नाही. जी शिस्त पाहुण्याच्या वर्तनाकडे पाहते ती योग्य, आणि जी त्याच्या नात्याची झडती घेते ती अयोग्य, एवढाच भेद आम्ही करतो. गोंगाट करणाऱ्या विवाहिताला बाहेर काढावे आणि शांतपणे राहणाऱ्या कोणालाही राहू द्यावे, हा साधा न्याय आहे.

या पाटीचा खरा दोष याहून गंभीर आहे. ती आपले लक्ष भलतीकडे वेधते. गेल्या काही वर्षांत याच परिसरात कुटुंबांवर जी संकटे कोसळली, त्यांतील एकही शेजारच्या खोलीतील जोडप्यामुळे आले नव्हते. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात सहलीची नाव उलटली आणि बारा विद्यार्थी व दोन शिक्षिका बुडाल्या. नावेत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती आणि सर्वांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. त्याच वर्षी मे महिन्यात पोइचा येथे नर्मदेत स्नानास उतरलेल्या सुरतेकडील मंडळींपैकी सात जणांना नदीने ओढून नेले. २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या क्रीडागृहात आग लागून सत्तावीस जीव गेले. आपल्याच राज्यात डिसेंबर २०२५ मध्ये हडफडे येथील नाइटक्लबच्या आगीत पंचवीस माणसे दगावली. सप्टेंबर २०२३ मध्ये सरदार सरोवरातून सोडलेल्या प्रचंड पाण्याने चांदोद आणि करनाळी यांच्या वस्तीत नदी शिरली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीच्या पुराने बडोदे शहराचे कित्येक भाग जलमय होऊन रस्त्यांवर मगरी आल्या. माणसे मारली ती बंद वाटांनी, भरगच्च नावांनी आणि न दिलेल्या इशाऱ्यांनी. नोंदवहीतील नात्याच्या रकान्याने यांतील एकही जीव वाचला नसता.

म्हणून निवास निवडताना पाटी वाचण्याऐवजी घर वाचावे, असे आमचे वाचकांस सांगणे आहे. प्रथम आपण कशासाठी जात आहोत ते ठरवावे. वृद्ध आई-वडील आणि लहान मुले बरोबर असतील तर मुक्काम बडोदे शहरात करावा. स्थानकाजवळच्या सयाजीगंज-अलकापुरी भागांत लहानमोठी हॉटेले आहेत, डॉक्टर आणि औषधे जवळ आहेत, आणि चांदोद सुमारे पन्नास किलोमीटरवर असल्याने सकाळी जाऊन सायंकाळी परतता येते. दर्शन आणि पारायण हाच हेतू असेल तर गरुडेश्वर-नारेश्वरचे भक्तनिवास. पण तेथील नियम आधी विचारून घ्यावेत आणि पर्वकाळात जागा मिळेलच असे गृहीत धरू नये. पुतळा आणि धरण पाहावयाचे असेल तर एकतानगर. मात्र सोमवारी ते स्मारक बंद असते, हे विसरून खोली घेतल्यास एक दिवसाचे भाडे वाया जाते.

मग चालकाला चार प्रश्न विचारावेत. रात्री आग लागल्यास बाहेर पडण्याची दुसरी वाट कोणती, आणि ती कुलूपबंद तर नाही ना? दर लेखी आहे काय आणि पावती मिळेल काय? खोलीला आतून कडी नीट लागते काय, आणि स्वच्छतागृह स्वच्छ, स्वतंत्र व उजेडाचे आहे काय? धरणातून पाणी सोडल्याची वर्दी तुम्हांस कोण देतो आणि तुम्ही ती पाहुण्यांना कशी कळविता? नदीकाठच्या घरासाठी हा चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच कोणी विचारीत नाही. जोडप्याने आणखी एक गोष्ट करावी. खोली ठरविण्यापूर्वीच दूरध्वनीवर कोणती ओळखपत्रे लागतील ते विचारावे आणि उत्तर लेखी मागवून घ्यावे. रात्री दहा वाजता दारात उभे राहून हक्काचा वाद घालण्यापेक्षा हे बरे.

परंतु सारा भार प्रवाशावर टाकून शासनास मोकळे होता येणार नाही. गोवा, दमण व दीव या तेव्हाच्या संघराज्य प्रदेशात पर्यटन व्यवसायाच्या नोंदणीचा कायदा १९८२ सालीच झाला. त्याच्या अंमलबजावणीविषयी आम्ही या स्तंभातून पुष्कळदा तक्रार केली आहे. तरीही निवास चालविणारा हा सार्वजनिक उत्तरदायित्व असलेला मनुष्य आहे, हे तत्त्व त्या कायद्याने मान्य केले. नर्मदातीरी तेच तत्त्व दारावर दिसावे. ‘फक्त कुटुंबासाठी’ ऐवजी तेथे अग्निशमन दाखल्याची तारीख, खोल्यांची संख्या, दर आणि पुराच्या वेळी संपर्काचा क्रमांक लिहिलेला असावा. हे सक्तीचे करणे सरकारच्या हाती आहे आणि त्यास फारसा खर्च नाही.

या संदर्भात आणखी एका घटकाचा विसर पडता कामा नये. सरदार सरोवरासाठी आणि पुढे त्या पर्यटनासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या आदिवासी कुटुंबांचीही घरे याच तीरावर होती. आज तेथे येणारा पाहुणा त्यांच्या जुन्या शिवारावर झोपतो. गुजरात सरकारने घरगुती निवासाचे धोरण २०१४ साली आखले. त्याचा लाभ या कुटुंबांना प्रथम मिळावा, ही मागणी न्यायाची आहे. ज्या घरात यजमानीण भाकरी भाजते आणि तिची मुले अंगणात खेळतात, त्या घरास कुटुंबवत्सल म्हणावयास पाटीची गरज पडत नाही.

अतिथीला देव मानणाऱ्या संस्कृतीचे गोडवे आपण सतत गातो. त्या शिकवणीत यजमानाचे कर्तव्य सांगितले आहे. अतिथीने आपली पात्रता सिद्ध करावी असे त्यात कोठेही नाही. निवास चांगला की वाईट हे कोणाला दारातून परत पाठविले यावर ठरत नाही. ज्याला आत घेतले त्याची रात्र सुखरूप गेली की नाही, यावर ते ठरते. नर्मदातीरीच्या चालकांनी आणि त्यांच्या शासनाने या कसोटीस उतरावे. आपल्या किनाऱ्यावर दरवर्षी लाखो पाहुणे उतरवून घेणाऱ्या आम्हां गोमंतकीयांनाही हीच कसोटी लागू आहे.