पन्नाशीपर्यंत सांभाळायचे कोणी?

मुंबई-पुण्यात जुन्या मोटारींची मिरवणूक निघाली की सहकुटुंब गर्दी लोटते. संस्थानिकांच्या रोल्स रॉइसभोवती पोरेटोरे गोळा होतात, लांबलचक अमेरिकन ब्यूकला खेटून फोटो निघतात आणि एखादी लाल, दोन आसनी एम.जी. आली की कॉलेजातल्या मुलांची झुंबड उडते. याच रांगेत, बहुधा अगदी शेवटी, एखादी स्टँडर्ड २००० किंवा प्रीमियर ११८ एनई उभी असते. तिच्याजवळ तिच्या मालकाखेरीज कोणी नसते आणि तोही बिचारा फडके हातात घेऊन उगाच काच पुसत राहतो. दर्दी म्हणवणाऱ्या माणसांनी काही गाड्यांना डोक्यावर घ्यावे आणि काहींकडे ढुंकूनही पाहू नये, असे का होते?

'ती गाडीच मुळात वाईट होती' हे उत्तर सोपे आहे, पण ते खरे नाही. जगातल्या नामांकित स्पोर्ट्स कार पाहिल्या तरी निवाडा गुणांवर झालेला दिसत नाही, कुळावर झालेला दिसतो. १९७३ साली फेरारीने ३०८ जीटी४ नावाची गाडी काढली. आठ सिलिंडरचे इंजिन चालकाच्या पाठीमागे बसवलेली त्या घराण्यातली ही पहिली रस्त्यावरची गाडी. आज त्या मांडणीच्या फेरारीला सोन्याचा भाव आहे. पण हिचा घाट नेहमीच्या पिनिनफरिनाने न घडवता बेर्तोनेने घडवला आणि सुरुवातीला अंगावर फेरारीऐवजी 'डिनो' हे नाव होते. एवढ्यावरून दर्दींनी तिला सावत्र ठरवले. पोर्शच्या ९२४ चेही तेच झाले. आखणी फोक्सवॅगनसाठी झालेली, इंजिन ऑडीच्या गोत्रातले, तेही पुढे बसवलेले आणि पाण्याने थंड होणारे. 'ही खरी पोर्श नव्हे' असा शेरा तिच्यावर बसला तो बसलाच. लाखाच्या वर गाड्या विकल्या जाऊन कंपनीला पैसा मिळाला, पण तिची पत वाढली नाही. आपल्याकडे सोयरीक जमवताना आजोळ विचारतात, त्यातलाच हा प्रकार म्हणायचा.

आता आपल्या घरची गोष्ट. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर कंपनीने १९६० च्या दशकात स्टँडर्ड हेराल्ड बनवली. दोन दारांची, पुढचे अख्खे बॉनेट मडगार्डांसकट उचलले जाणारी ही सुबक गाडी जुन्या वाचकांना आठवत असेल. इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तीने तिचा घाट काढला होता. ज्या सांगाड्यावर ही गाडी उभी होती तोच थोडा आखूड करून त्यावर इंग्लंडात ट्रायम्फ स्पिटफायर ही उघडी स्पोर्ट्स कार १९६२ साली उभी राहिली. तिचेही रेखाटन मिकेलोत्तीचेच. स्पिटफायरचे जगभर क्लब आहेत. तिची सख्खी बहीण आपल्याकडे डॉक्टर-वकिलांच्या दारात वीस वर्षे उभी होती, पण तिला स्पोर्ट्स कारची बहीण म्हणून कोणी ओळखले नाही.

याच कंपनीची स्टँडर्ड २००० म्हणजे दुर्दैवाचा कळस. मूळची ही रोव्हर एसडी१. इंग्लंडात १९७६ साली आली आणि १९७७ ची युरोपातली सर्वोत्तम मोटार ठरली. तिच्या उतरत्या पाठीवर फेरारीच्या डेटोनाची छाप होती आणि पोटात साडेतीन लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन होते. १९८५ साली ती मद्रासला आली तेव्हा देह तोच होता, पण हृदय मात्र जुन्या व्हॅनगार्डचे, दोन लिटरचे बसवलेले. आपल्या रस्त्यांसाठी तिची उंचीही वाढवली. दिसायला चित्ता आणि चालायला बैल, मग गिऱ्हाईक बिथरणारच. १९८८ पर्यंत खेळ आटोपला.

आता गंमत पाहा. हिंदुस्थान मोटर्सची काँटेसा त्याच सुमारास, १९८४ मध्ये आली. तीही परदेशी देहाची, व्हॉक्सहॉल व्हिक्टरची, आणि तिच्यातही आधी ॲम्बॅसेडरचे १४८९ सीसीचे म्हातारे इंजिन होते. रोग तोच. पण काँटेसाला पुढे इसुझूचे इंजिन मिळाले, ती २००२ पर्यंत बनत राहिली आणि मुख्य म्हणजे हिंदी सिनेमातल्या खलनायकांनी व खऱ्या आयुष्यातल्या पुढाऱ्यांनी तिला आपले म्हटले. आज काँटेसा दुरुस्त करून मिरवणारी तरुण मुले आहेत. म्हणजे दर्दी माणूस यंत्रावर प्रेम करतो असे आपण समजतो, पण बव्हंशी तो आपल्या लहानपणच्या एखाद्या दृश्यावर प्रेम करत असतो. ज्या गाडीला सिनेमा नाही, शर्यत नाही, वदंता नाही, तिला चाहता कोठून मिळणार? (पुस्तकांचेही असेच होते, पण त्या दुखण्यात आज शिरत नाही.)

बँकेत कर्जखात्याच्या टेबलावर बरीच वर्षे काढल्यामुळे मला या प्रश्नाची आणखी एक बाजू दिसते. मोटार आमच्याकडे नजरगहाण असे. गाडी कर्जदाराच्या दारात आणि नोंद आमच्या वहीत. तेव्हा आमचा पहिला प्रश्न एकच असे, उद्या ही विकावी लागली तर घेणार कोण? घेणाराही तेच विचारतो आणि त्याचा मिस्त्रीही. अकोले तालुक्यात हे फार स्पष्ट दिसते. राजूर, कोतूळ, समशेरपूरच्या चढउतारांवर वर्षानुवर्षे महिंद्राच्या जीपच धावल्या. कारण तिचे इंजिन इथला मिस्त्री डोळे मिटून उतरवी आणि सुटा भाग फार तर संगमनेरला मिळे. मिस्त्रीला येते म्हणून गिऱ्हाईक घेते, गिऱ्हाईक घेते म्हणून दुकानदार माल ठेवतो, दुकानदाराकडे माल असतो म्हणून मिस्त्री शिकतो. या रहाटात जी गाडी शिरली ती तरली. शहरातले शौकीन आता या जुन्या जीपही हुडकत असतात. स्टँडर्ड २००० च्या काचेचे रबर मात्र फाटले की गाडी शेडमध्ये गेली आणि शेडमधून कोंबड्यांच्या ताब्यात.

अस्सल भारतीय स्पोर्ट्स कारचे काय झाले, असे कोणी विचारील. बंगळूरच्या सॅन मोटर्सने नव्वदीच्या अखेरीस 'स्टॉर्म' नावाची दोन आसनी, उघड्या टपाची गाडी काढली होती. फायबरचा देह आणि रेनॉचे ११४९ सीसीचे इंजिन. गाडी चिमुकली, खेळकर होती. पण आपल्याकडे मोटार घ्यायची म्हणजे आजीला पुढे बसवून, मागे चौघांना कोंबून, पायाशी लोणच्याची बरणी ठेवून कुलदैवताला जायचे. त्या हिशेबात दोन आसने बसतच नाहीत. रस्त्यावर थोड्याच आल्या, म्हणून आठवण थोड्यांनाच. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी आपल्या हिकमतीवर 'मीरा' ही छोटी मोटार घडवली, तिला तर कारखान्याचे दारही दिसले नाही.

दर्दींची उपेक्षा एरवी चघळायचा विषय म्हणून सोडून दिली असती. पण तिच्यामागे आता कायदा उभा राहिला आहे. २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने जुन्या मोटारींसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेल्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो, मात्र सांगाडा, देह आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. नियम चांगलाच आहे. पण १९८५ ची गाडी या पंगतीला बसणार २०३५ साली. तोवर पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणी दर पाच वर्षांनी करायची आणि त्या फेरनोंदणीचे शुल्क २०२२ च्या एप्रिलपासून मोटारीसाठी सहाशेवरून पाच हजारांवर गेले. रोल्स रॉइसच्या मालकाला ही रक्कम चिल्लर आहे. ज्या गाडीची बाजारात तेवढीच किंमत येते तिच्या मालकाला भंगारवाला जवळचा वाटतो.

इंजिनाची अट तर अशा गाड्यांच्या वर्मावर घाव घालते. पेट्रोल परवडेना म्हणून ऐंशी-नव्वदच्या दशकांत कितीतरी मोठ्या गाड्यांत डिझेलचे इंजिन बसवले गेले. इंजिन बदलले म्हणून त्या जगल्या आणि जगल्या त्या बदललेल्या इंजिनासह. आता तेच त्यांच्या आड येणार.

माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांकडे ११८ एनई होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. देह फियाट १२४ चा, म्हणजे तीही १९६७ ची युरोपातली सर्वोत्तम मोटार. इंजिन निसानचे, ११७१ सीसीचे. त्याच कारखान्याची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून गेली तेव्हा वर्तमानपत्रांनी पाने भरून हळहळ व्यक्त केली. एनईसाठी कोणी दोन ओळी लिहिल्या नाहीत. डॉक्टरांनी ती पंचवीस वर्षे स्वतःच्या हाताने धुतली. ते गेल्यावर वर्षभरात मुलांनी ती वजनावर दिली. मुले वाईट नव्हेत. विचारणारा दुसरा कोणी आलाच नाही.

इंग्लंडात ट्रायम्फ स्टॅग नावाची गाडी होती, तीही मिकेलोत्तीचीच. १९७० ते १९७७ या काळात पंचवीस हजारांहून अधिक बनल्या. इंजिन तापण्यात इतकी बदनाम की मालकांनी ते काढून दुसरीच इंजिने बसवली. पुढे मालकांनीच क्लब काढला, तापण्याचे कारण शोधून उपाय केले, सुटे भाग पुन्हा बनवून घेतले. आज मूळ इंजिनाची स्टॅग लोक मुद्दाम शोधतात. गाडीत नवे काहीच आले नाही, फक्त शंभर माणसांनी एकमेकांना पत्रे लिहिली.

आपल्याकडे हे जमायला अजून उशीर झालेला नाही. कोइमतूरचे जीडी मोटार संग्रहालय, हरियाणातल्या तावडूचे परिवहन संग्रहालय अशा ठिकाणी साध्या गाड्यांनाही जागा मिळते. ज्यांच्या अंगणात हेराल्ड, डॉल्फिन, एनई किंवा स्टँडर्ड २००० ताडपत्रीखाली उभी आहे त्यांनी निदान एवढे करावे. आर.सी. बुक आणि जुनी बिले एका पाकिटात ठेवावीत. इंजिन बदलले असेल आणि जुने कोठे पडले असेल तर ते विकू नये, त्याचा क्रमांक उतरवून घ्यावा. हबकॅप, दिव्यांच्या काचा, टूलकिट आणि कंपनीची पुस्तिका माळ्यावर असेल तर खाली काढावी. टायर जमिनीला टेकू देऊ नयेत, चार विटा लावाव्यात. आणि भंगारवाला दारात आलाच, तर भाव सांगण्याआधी ज्याच्याकडे तशीच दुसरी गाडी आहे अशा माणसाला एक फोन करावा.