मोटिव्हेशन नको, गेट उघडा!

दरवर्षी आपल्या सेमिनार हॉलमध्ये कुणीतरी टायवाले गृहस्थ येतात आणि दोन तास ‘मोटिव्हेशन’ देऊन जातात. टाळ्या पडतात, चहा-समोसा होतो. दुसऱ्या दिवशी पहाटे साऱ्या विंगमध्ये अलार्म वाजतात. तिसऱ्या दिवशी निम्मे. आठवड्याभरात पुन्हा तेच... रात्री तीनला झोपायचं आणि ब्रश तोंडात धरून लेक्चरकडे पळायचं. (आपल्या पोट्ट्यांचं खरं रनिंग हेच!)

माझं म्हणणं सरळ आहे. पळायला प्रेरणा लागत नाही. ठरलेली वेळ लागते आणि सोबतीला दोन-चार जण लागतात.

अविनाश साबळेचंच बघा. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. गाडीची सोय नाही, म्हणून शाळेत चालत-पळत जायचा. बारावीनंतर लष्करात, महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. सियाचीनचा बर्फ झाला, राजस्थानची वाळू झाली. खेळ म्हणून धावणं सुरू झालं ते २०१५ मध्ये, म्हणजे आपण थर्ड इयरला असतो त्या वयात. २०१८ साली त्याने भुवनेश्वरला ३००० मीटर स्टीपलचेसमधला गोपाल सैनी यांचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्यपदक! त्याआधी १९९८ पासून या शर्यतीची तिन्ही पदकं प्रत्येक वेळी केनियाकडे गेली होती. सुवर्ण हुकलं ०.०५ सेकंदाने. मी कॅल्क्युलेटर काढून हिशेब केला. त्या वेगाने हे अंतर भरतं ३० सेंटिमीटर. आपल्या ड्रॉइंगच्या पट्टीएवढं. तेही २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या मारून झाल्यावर. आता सांगा, हे कुठल्या भाषणाने होतं? लष्करात पहाटे शिट्टी वाजते आणि शेजारचा उठतो, म्हणून आपणही उठतो.

लता करे यांची गोष्ट मात्र कुणी ‘प्रेरणादायी’ म्हणून सांगितली की मला खटकतं. २०१४ मध्ये बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या गटात त्या नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. का, तर नवऱ्याच्या तपासणीला पैसे नव्हते. पुढे त्यांच्यावर सिनेमाही निघाला. त्या बाईंच्या जिद्दीला सलाम, पण तपासणीसाठी बक्षिसाच्या पैशांमागे धावावं लागतं, याची आपल्याला लाज वाटायला हवी. पोस्टर कसली लावता?

आता आपल्याकडे या. सदरमध्ये राहतो आपण. रेसिडेन्सी रोडने निघालं की सेमिनरी हिल्सची झाडी काही लांब नाही. असा चढ नागपुरात फुकट मिळतो. आम्ही पाच जण जातो. पळताना बोलता येईल इतकाच वेग. दम लागला की चालायचं. पळून एम-थ्री निघत नाही, हे आधीच सांगून ठेवतो! पण रात्री अकराला डोळे मिटतात. आणि आमच्यातला एक फर्स्ट इयरचा, जो दोन महिने मेसमध्येसुद्धा डबा भरून घेऊन खोलीत जायचा, तो त्या चढावर पहिल्यांदा घरच्यांबद्दल बोलला. समुपदेशनाची सूचना नोटीस बोर्डावर लागलेली आहेच. ती वाचायला त्याला खोलीबाहेर तर यायला हवं ना?

अडचण एकच. आपलं गेट उघडतं साडेसहाला, मुलींचं सातला. नागपूरच्या एप्रिल-मे मध्ये साडेसहा म्हणजे ऊन चढलेलं असतं आणि रस्त्यावर स्कूल बसेस सुरू झालेल्या असतात. ‘जबाबदारी कुणाची?’ असं रेक्टर सर विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण रात्री दहापर्यंत टपरीवर बसायला परवानगी आहे, तिथली जबाबदारी कुणी विचारत नाही. मुलींच्या बाबतीत तर ‘सुरक्षितता’ या एका शब्दावर चर्चाच संपते. सात-आठ जणी एकत्र गेल्या तर काय बिघडतं, हे त्यांना एकदा विचारून तरी बघा.

म्हणून मागणी एवढीच: दोन्ही गेटं पाचला उघडा. रजिस्टर ठेवा, नाव आणि वेळ लिहू, एकट्याने कुणी जाणार नाही, सहा-पंचेचाळीसला परत. सिक्युरिटीच्या मामांना मी विचारलंय. ते म्हणाले, “मी त चार वाजतापासूनच जागा रायतो ना भाऊ, चावी माह्याच खिशात हाय.”