यंत्र कायम, माणूस कंत्राटी

आरोग्यात तंत्रज्ञान आले असे म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर पुण्यातली मोठी हॉस्पिटले आणि संगणकापुढचे इंजिनिअर येतात. आम्ही भोर आणि वेल्हे (कागदावर आता राजगड) तालुक्यांत फिरतो. इथे तंत्रज्ञान म्हणजे सरकारी दवाखान्यातला प्रयोगशाळा तंत्रज्ञ. हिरडस मावळातून किंवा केळदकडून एसटीने आलेल्या म्हाताऱ्याला टीबी आहे की नाही, हे आधी त्याला कळते, मग डॉक्टरांना.

आमच्या परिचयाच्या अशाच एकाने या कामात सतरा वर्षे घातली. सुरुवात सूक्ष्मदर्शकावर झाली. थुंकी काचपट्टीवर पसरायची, लाल रंग ओतून खालून तापवायची, आम्लाने धुवायची, निळा रंग द्यायचा आणि डोळे दुखेपर्यंत जंतू शोधायचे. पुढे गोव्याच्या कंपनीचे बॅटरीवर चालणारे ट्रूनॅट यंत्र आले. वीज जाणाऱ्या डोंगरी भागाला ते सोयीचेच आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. मग निक्षय पोर्टल आले, कोरोनात स्वॅब आले, नंतर आभा क्रमांक. रेंज नसेल तर दिवसाच्या नोंदी रात्री घरून भरायच्या. प्रत्येक नवी गोष्ट तो शिकला. बदलले नाही ते त्याचे आदेशपत्र. वर्ष भरायच्या आत करार संपतो, मध्ये खंड पडतो, पुन्हा नवा आदेश निघतो. मागे मुलीच्या शिक्षणासाठी तो कर्ज मागायला गेला, तेव्हा समोरच्याने करार संपण्याची तारीख पाहिली आणि अर्ज परत केला.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान 2005 साली सुरू झाले. अभियान म्हणजे काही काळाची मोहीम. थुंकी, रक्त आणि लघवी तपासण्याची गरज काही काळाची आहे काय? वीस वर्षे चालणाऱ्या कामाला तात्पुरते म्हणणे ही शुद्ध लबाडी आहे.

यात जातीचा प्रश्न कुठे आला, असे काही मित्र विचारतील. दुसऱ्याच्या शरीरातली घाण हाताळण्याचे काम या देशात कोणाच्या वाट्याला आले, हे सांगायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही. आमची पोरे डीएमएलटी करून, पांढरा कोट घालून त्याच कामात सन्मानाने शिरली, आणि नेमकी तेव्हाच कायम पदे आटू लागली. अभियानाच्या जाहिरातीत प्रवर्गाचा रकाना असतो, हे खरे. पण पेन्शन नाही, पदोन्नती नाही, तर त्या रकान्यातून हाती काय येते? ठेकेदारामार्फत भरतीत तर बिंदुनामावलीही उरत नाही. सप्टेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने खासगी संस्थांकडून नोकरभरतीचा निर्णय काढला. ओरड झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला. कागद मागे गेला, पद्धत गेली नाही.

दुसरा आक्षेप कायद्याचा. उमादेवी खटल्यात 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने मागच्या दाराने कायम होण्याला नकार दिला, असे अधिकारी लगेच सांगतात. त्याच निकालात मंजूर पदांवर दहा वर्षे काढलेल्यांचा एकदा विचार करा, असेही म्हटले आहे, ते मात्र सांगत नाहीत. 2016 मध्ये पंजाबच्या प्रकरणात याच न्यायालयाने तात्पुरत्या कामगारांना समान कामासाठी समान वेतन मान्य केले. डिसेंबर 2024 च्या जग्गो प्रकरणात तर उमादेवीची ढाल करून जुन्या कामगारांना बाहेर ठेवू नका, असे सुनावले. राज्यानेही मार्च 2024 मध्ये दहा वर्षे झालेल्या अभियान कर्मचाऱ्यांच्या समायोजनाचा निर्णय काढला. त्याची अंमलबजावणी करा म्हणून ऑगस्ट 2025 मध्ये त्यांना संपावर जावे लागले.

बाबासाहेब 1942 ते 1946 मजूरमंत्री होते. कामगारांच्या आरोग्य विम्याचा अडारकर अहवाल त्याच काळातला, 1944 चा. त्यातून 1948 चा राज्य विमा कायदा आला. आजारपणातली सुरक्षा हा मेहेरबानीचा नव्हे, हक्काचा विषय आहे, हे तेव्हा मान्य झाले होते.

त्या तंत्रज्ञाच्या टेबलावर एक वही आहे. पोर्टल बंद असले की तो नोंदी त्यात लिहितो. यंत्राचा देखभाल करार पाच वर्षांचा आहे, हे त्यानेच आम्हाला हसत सांगितले. त्याचा स्वतःचा करार पुढच्या महिन्यात संपतो.