ताट वेगळे नको, खिडकी उघडी हवी

आपल्या वस्तीत एखाद्या घरी टीबीचे निदान झाले की सर्वात आधी काय होते? रुग्णाचे ताट, तांब्या, पेला वेगळा होतो. सून आजारी असेल तर तिची रवानगी माहेरी होते. शेजारची मुले त्या घरी यायची बंद होतात. आणि घराची एकच असलेली खिडकी मात्र 'वारा लागू नये' म्हणून घट्ट लावलेली असते. आमचे स्पष्ट म्हणणे आहे की हे सगळे उलटे चालले आहे. ज्यातून आजार पसरत नाही ते आपण बंद करतो आणि ज्यातून पसरतो ते तसेच ठेवतो.

टीबीचा जंतू हवेतून जातो. फुप्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकतो, शिंकतो, मोठ्याने बोलतो तेव्हा अतिशय बारीक थेंब बाहेर पडतात आणि बंद खोलीत ते बराच वेळ तरंगत राहतात. ताटातून, कपड्यातून, हातात हात दिल्याने टीबी होत नाही. म्हणून खिडकी-दार उघडे ठेवणे, ऊन आत येऊ देणे, रुग्णाने तोंडाला रुमाल किंवा मास्क लावणे, थुंकी झाकणाच्या डब्यात टाकणे हा खरा बंदोबस्त आहे. योग्य औषध सुरू झाले की बहुतेक रुग्णांकडून पसरण्याचा धोका काही आठवड्यांतच खूप कमी होतो. मात्र बरे वाटले म्हणून औषध सोडायचे नाही. साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा असतो. तो अर्धवट सोडला तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि पुढचा उपचार लांबतो.

वेगळ्या ताटाचा अर्थ काय असतो, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. शेकडो वर्षे आपल्याला लांबून पाणी वाढले गेले, ते आजाराच्या भीतीने नव्हे. विटाळ माणसाला चिकटवला जातो, संसर्गाला मात्र एक मार्ग असतो आणि तो मार्ग अडवता येतो. आपल्याच घरात आजारी माणसाला विटाळ लावायचा आणि मार्ग उघडा ठेवायचा, हे आपल्याला शोभत नाही. आणखी एक नुकसान आहे. ताट वेगळे होईल या भीतीनेच माणसे खोकला लपवतात आणि लपवलेला खोकला घरभर पसरतो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे असे काही असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते आणि औषधही मोफत मिळते. घरातल्या इतरांनीही तपासून घ्यावे. पाच वर्षांखालच्या मुलांना तर नक्की न्यावे, कारण त्यांना आजार होऊ नये म्हणून प्रतिबंधक औषध देता येते. रुग्णाच्या आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १,००० रुपये बँक खात्यात जमा होतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही रक्कम ५०० होती. खासगी डॉक्टरकडे उपचार घेणाऱ्यालाही ती मिळते, पण त्या डॉक्टरने रुग्णाची सरकारदरबारी नोंद करायला हवी. तशी नोंद त्याच्यावर बंधनकारक आहे. ती केली का, हे विचारा.

जुलाब, कावीळ, टायफॉइड यांचा मार्ग वेगळा. ते हातातून आणि पाण्यातून येतात. शौचाहून आल्यावर, बाळाची शी धुतल्यावर, स्वयंपाकाआधी आणि जेवणाआधी साबणाने बोटांच्या बेचक्यांसह हात धुतले की यातला मोठा भाग थांबतो. नळाला पाणी ठरावीक वेळीच येते म्हणून आपण ते साठवतो. साठवलेल्या पिंपात किंवा हंड्यात पेला बुडवला की पेला धरणारा हातही बुडतो. झाकण आणि लांब दांड्याचे ओगराळे ठेवा. पावसाळ्यात पाणी उकळा किंवा आरोग्य केंद्रातून मिळणारे क्लोरीनचे औषध सांगितलेल्या प्रमाणात टाका. मुलाला जुलाब लागले तर पहिल्या तासापासून ओआरएस पाजा. साध्या सर्दीला अँटिबायोटिक मागू नका, सर्दीच्या विषाणूवर ते चालत नाही. दवाखान्यात सुई टोचायची असेल तर नवे पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा. यात डॉक्टरांचा अपमान नाही.

आता विम्याचे. या छोट्या आजारांवरच आमचा भर का, याचे उत्तर विम्यात आहे. विमा म्हणजे अनेकांनी थोडे थोडे घालायचे आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याला त्यातून द्यायचे. सरकारी योजनेत तो हप्ता सरकार भरते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झाली. आता तिच्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. पण ते पैसे आपल्या हातात येत नाहीत. ठरवून दिलेल्या आजारांसाठी, योजनेत असलेल्या म्हणजे अंगीकृत रुग्णालयात भरती झाल्यावर, मंजुरी घेऊन रुग्णालयाला ते मिळतात. रोजची ओपीडी, तापाची गोळी, गल्लीतल्या डॉक्टरची फी यात बसत नाही. म्हणजे कार्ड रुग्णालयाच्या दारापासून पुढे चालते. दारापर्यंतचा खर्च आपलाच असतो आणि आपली घरे वारंवार बुडतात ती या खर्चात.

म्हणून कार्डाचा उपयोग वेळेआधी समजून घ्या. शिधापत्रिकेवर सगळ्यांची नावे आहेत का? नव्या सुनेचे, नातवाचे नाव घातले का? आधारवरचे आणि शिधापत्रिकेवरचे नाव जुळते का? ही दुरुस्ती रुग्ण खाटेवर असताना होत नाही. अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. भरती होताना आधी त्याला भेटा आणि आजार योजनेत बसतो का, ते विचारा. बसत असेल तर त्या उपचारासाठी वेगळे पैसे मागता येत नाहीत. मागितले तर पावती मागा आणि १५५३८८ या क्रमांकावर तक्रार करा. योजनेत बसत नसेल तर रुग्णालय धर्मादाय आहे का, ते पाहा. महाराष्ट्रात मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात.

दुसरी व्यवस्था नोकरदारांची, म्हणजे ईएसआय. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच काळात प्रा. आडारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल १९४४ साली दिला आणि पुढे १९४८ चा कायदा झाला. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी, २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्याला हा विमा लागू होतो. १६,००० पगार असेल तर कामगाराचे १२० आणि मालकाचे ५२० रुपये दरमहा जमा व्हायला हवेत. यात ओपीडी आहे, औषधे आहेत, कुटुंबही आहे. वर्गणीचे दिवस भरले असतील तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी मिळते. टीबीसारख्या दीर्घ आजारात, दोन वर्षांची सलग नोकरी आणि पुरेशी वर्गणी असल्यास, ८० टक्के मजुरी दोन वर्षांपर्यंत मिळू शकते.

आमची खरी तक्रार इथे आहे. वस्तीतले कितीतरी भाऊ-बहिणी ठेकेदाराकडे सफाई, हाउसकीपिंग, सिक्युरिटीचे काम करतात. कचरा, गटार, रुग्णालयाचे वॉर्ड यांचा संसर्ग सगळ्यात आधी त्यांना गाठतो. पगारातून ईएसआय कापला जातो, पण हातात ना कार्ड असते ना दहा आकडी विमा क्रमांक. हातमोजे आणि गमबूट कागदावरच मिळतात. पगाराची चिठ्ठी मागा, विमा क्रमांक मागा. एकट्याने मागितले तर काम जाण्याची भीती असते, म्हणून दहा जणांनी मिळून, युनियनमार्फत मागा. धुणीभांडी करणाऱ्या भगिनींना मात्र ही व्यवस्था नाही. त्यांच्यासाठी शिधापत्रिका आणि आरोग्य योजना हाच आधार आहे.

यापुढे एवढे करू या. विहारात महिन्यातला एक रविवार कागदपत्रांसाठी ठेवू. शिकलेल्या मुला-मुलींनी प्रत्येक घराची शिधापत्रिका, आधार, ईएसआयची चिठ्ठी तपासावी आणि जवळच्या अंगीकृत रुग्णालयांची यादी भिंतीवर लावावी. नगरसेवकाकडे पुतळा आणि कमानीबरोबर पुरेशा दाबाचे पाणी आणि कामावरून परतल्यावर गाठता येईल असा संध्याकाळचा दवाखाना मागू. आणि ज्या घरी आज टीबीचा रुग्ण आहे, तिथे शेजाऱ्यांनी जाऊन खिडकी उघडावी, औषधाची आठवण द्यावी आणि त्याच्या घरचा चहा प्यावा.