आत जाताना सैल, बाहेर येताना घट्ट!

औषधाची गोळी, लिमलेटची गोळी, तिळाची गोळी. मराठीत ‘गोळी’ म्हटलं की डोळ्यांसमोर काहीतरी गोल येतं. बंदुकीची गोळीसुद्धा शेकडो वर्षं खरोखरच गोल होती. मग ती टोकदार कशी झाली? या गोष्टीचा एक धागा थेट आपल्या दक्षिण भारतात येतो.

आधी बंदूक समजून घेऊ. ‘ठासणीची बंदूक’ हा शब्द घरातल्या मोठ्यांना माहीत असेल. कोकणात शेतीच्या राखणीसाठी अशा परवान्याच्या बंदुका आजही आहेत. तिच्यात सगळं पुढून, म्हणजे नळीच्या तोंडातून भरायचं. आधी दारू, मग शिशाची गोळी, आणि मग लांब गजाने ते ठासायचं.

आता खरी अडचण बघा. गोळी नळीपेक्षा बरीच लहान घेतली तर ती पटकन आत जाते. पण बार उडाला की दारूचा वायू तिच्या बाजूने निसटतो, गोळी नळीत खडखडत बाहेर पडते आणि नेम चुकतो. गोळी घट्ट घेतली तर नेम चांगला लागतो. रायफलच्या नळीत आतून गोल फिरत जाणारे आटे असतात. गोळी त्यांत रुतली की स्वतःभोवती फिरते आणि भोवऱ्यासारखी स्थिर राहते. पण अशी घट्ट गोळी तोंडातून आत ढकलताना सैनिकाच्या नाकी नऊ यायचे. सुरुवातीच्या काही रायफलींबरोबर त्यासाठी चक्क लाकडी हातोडी दिली जायची!

म्हणजे हवी होती अशी गोळी, जी आत जाताना सैल असेल आणि बाहेर येताना घट्ट होईल.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कॅप्टन जॉन नॉर्टन या ब्रिटिश अधिकाऱ्याला याचं उत्तर दक्षिण भारतात सापडलं, असं शस्त्रांच्या इतिहासात सांगितलं जातं. इथले लोक फुंकनळीतून बाण मारायचे. बाणाच्या मागच्या टोकाला कमळाच्या देठाचा लवचिक गाभा लावलेला असायचा. फुंकर मारली की तो फुगून नळीला चिकटायचा. हवा बाजूने निसटायची नाही, सगळा जोर बाणाला मिळायचा. नॉर्टनने तीच युक्ती शिशात आणली. पुढून निमुळती आणि मागून पोकळ अशी गोळी त्याने बनवली. दारू पेटली की पोकळीची कड पसरून आट्यांत बसायची.

पण तेव्हाच्या लष्कराला ही कल्पना पटली नाही. पुढे विल्यम ग्रीनर या इंग्रज बंदूक-कारागिराने अशीच गोळी केली, तीही नाकारली गेली. अखेर 1849 मध्ये फ्रान्सच्या क्लोद मिनिए यांची गोळी गाजली. ब्रिटिश सरकारने त्यांना 20,000 पौंड दिले. ग्रीनरना नंतर 1,000 पौंड मिळाले. फुंकनळीचा बाण घडवणाऱ्याचं तर नावही कुणी लिहून ठेवलं नाही.

अशी गोळी निवडताना तीन गोष्टी बघतात. पहिली, शिसं शुद्ध आणि मऊ हवं. त्यात कथील किंवा अँटिमनी मिसळलं की ते कडक होतं आणि नीट पसरत नाही. दुसरी, माप. 1853 च्या एनफिल्ड रायफलची नळी आतून 0.577 इंचाची होती आणि तिची सुरुवातीची गोळी 0.568 इंचाची. फरक इंचाच्या फक्त 9 हजारांश भागांचा! नळीत काजळी साचली की तीसुद्धा अडकू लागायची, म्हणून पुढे ती 0.55 इंचापर्यंत कमी केली. तिसरी गोष्ट म्हणजे वंगण. वंगणामुळे काजळी मऊ राहते आणि गोळी सरकते.

आणि याच तिसऱ्या गोष्टीने इतिहास हादरला. एनफिल्डची गोळी आणि दारू कागदी काडतुसात एकत्र यायची. काडतुसाचं एक टोक दातांनी फाडायचं आणि गोळीकडच्या टोकाला वंगण लावलेलं. त्यात गाईची आणि डुकराची चरबी आहे अशी बातमी 1857 च्या जानेवारीत छावण्यांमध्ये पसरली. हिंदू आणि मुसलमान, दोन्ही शिपायांच्या धर्मावर घाला. शिपायांनी आपल्या पसंतीचं वंगण स्वतः लावावं, अशी मुभा सरकारने लगेच दिली. पुढे काडतूस हाताने फाडायलाही परवानगी मिळाली. पण विश्वास उडाला होता. 29 मार्चला बराकपूरला मंगल पांडे यांनी बंदूक उचलली, 10 मेला मेरठ पेटलं. उठावामागे राज्यं खालसा होण्यापासून भत्त्यांपर्यंत कितीतरी कारणं होती, काडतूस ही फक्त ठिणगी. तरीही एक गोष्ट विचार करायला लावते. ज्यांनी इंचाचा हजारावा भाग मोजला, त्यांनी ते काडतूस कुणाच्या तोंडाला लागणार आहे हे आधी विचारलंच नाही.

एक सूचना मात्र लक्षात ठेवा. ठासणीच्या बंदुकीलाही आपल्याकडे परवाना लागतो. आणि शिसं घरी वितळवणं, अगदी मासेमारीच्या गळाच्या वजनासाठीसुद्धा, धोक्याचं आहे. त्याची वाफ आणि धूळ लहान मुलांच्या मेंदूला इजा करते.

चेन्नईत असाल तर फोर्ट सेंट जॉर्जच्या किल्ल्यातल्या संग्रहालयात जुन्या बंदुका बघायला मुलांना जरूर न्या. नळीकडे बोट दाखवून विचारा, “गोळी कुठून भरत असतील?” उत्तर आलं की त्यांना कमळाच्या देठाची गोष्ट सांगा.